याकोबचा चौथा जन्म

१९ एप्रिल, ईस्टर

ही वही एल्वीराने दिली. म्हणाली, "आजी, तुला जे बोलायचं असतं ते आधी यात लिहीत जा. मग लोकांच्या तोंडावर बोलायची गरज उरणार नाही." नात आहे म्हणून ऐकून घेतलं. शाळेत मी दोन हिवाळे गेले, आणि तेसुद्धा आम्हा तिघी बहिणींत बुटांचा जोड एकच, म्हणून तीन दिवसांतून एकदा. तेव्हा अक्षर असंच यायचं. वाचायला कोणाला बोलावलेलं नाही.

आज प्रार्थनाघरात नव्या पाळकाचा पहिला ईस्टर. बंधू वेनियामिन. वय एकतीस, मिशी नुकतीच रुजलेली, बिश्केकहून दोन वर्षांचा कोर्स करून आलाय. आमच्या जुन्या पाळकाने कोर्स केला नव्हता, तो धर्मापायी आठ वर्षं तुरुंगात होता. पण तो आमच्या पूर्वजांच्या जर्मनीला निघून गेला, आणि त्याच्याबरोबर निम्मं गाव. उरलोत आम्ही म्हाताऱ्या, दोन-तीन रशियन घरं, आणि ज्यांचे कागद व्हायचेत ते.

वेनियामिनने उपदेश केला नव्या जन्मावर. मंचावरून खाली उतरून आमच्या बाकांमधून फिरला, आणि एकेकीला विचारत सुटला. "भगिनी, तुमचा नवा जन्म कोणत्या दिवशी झाला? किती वाजता? ज्याला जन्माचा दिवस सांगता येत नाही, त्याने स्वतःला विचारावं, मी जन्मलोय तरी का?"

म्हाताऱ्या लागल्या आठवायला. मालविनाने तारीख सांगितली, वार सांगितला, वर त्या दिवशी गारा पडल्या होत्या हेही सांगितलं. बिचारी काल बाजारातून काय आणलं ते विसरते. तिच्या पलीकडच्या बाईने मग घाईघाईने तिच्याहून दोन वर्षं आधीची तारीख सांगितली.

माझ्यापाशी आला. मी म्हटलं, "मला नाही ठाऊक."

"आठवून पाहा, भगिनी युस्तिना."

"माझा बाप्तिस्मा नोव्हेंबरात झाला, कालव्यात, काठाला बर्फ होतं. चोरून, कारण पोलीस होते. पाणी डोक्यावरून गेलं तेव्हा मनात आलं, बटाटे अजून जमिनीत आहेत आणि आता मी आजारी पडणार. एवढंच आठवतं."

लोक हसले. वेनियामिन नाही हसला. म्हणाला, "यावर प्रार्थना करा."

मी चार मुलं जन्माला घातली. एकालाही आपल्या जन्माची वेळ ठाऊक नाही. जन्मणाऱ्याला कधी कळतं होय? तिथे जो उभा असतो त्याला कळतं. पण हे मी बोलले नाही, इथे लिहिलं. बघ एल्वीरा, वहीचा उपयोग होतोय.

हे सगळं झाल्यावर शेवटच्या बाकावरून माझा याकोब उठला.

२० एप्रिल

काल पुढचं लिहायचं राहिलं. पास्का, ईस्टरचा गोड पाव, कापायचा होता.

तर याकोब उठला. माझा थोरला. वय अठ्ठेचाळीस, सामूहिक शेतीवर ट्रॅक्टर चालवायचा. एकदा तो ट्रॅक्टर त्याने कालव्यात घातला, तेव्हापासून चालवत नाही. त्याची बायको पोरीला, एल्वीराला, माझ्याकडे ठेवून जर्मनीला गेली आणि तिथे तिने दुसरा केला, मी तिला नावं ठेवत नाही. तीन वर्षांमागे नववर्षाच्या दिवशी याने कपाटात बाटली आहे म्हणून घराचं दार कुऱ्हाडीने फोडलं. कपाटात मीठ होतं. तेव्हापासून तो अंगणापलीकडच्या उन्हाळी स्वयंपाकघरात राहतो. घराच्या दाराची किल्ली माझ्या गळ्यात असते. जेवण मी उंबऱ्यावर ठेवते.

आमच्यात पुढे जाऊन गुडघे टेकायचे, मोठ्याने पश्चात्तापाची प्रार्थना करायची आणि रडायचं, अशी रीत. जितकं रडू जास्त, तितकं मंडळीचं समाधान जास्त. याकोब पुढे गेला, गुडघे टेकले, आणि म्हणाला, "मी थकलो. मला घे."

झालं. मंडळी वाट पाहत राहिली. वेनियामिन त्याच्या डोक्यावर हात ठेवून वाट पाहत राहिला. काही आलं नाही. शेवटी मालविनाच रडली, कोणीतरी रडायला हवं म्हणून.

हा आमच्या याकोबचा तिसरा नवा जन्म. पहिल्यांदा बायको सामान बांधायला लागली तेव्हा झाला होता, तो बटाटे काढेपर्यंत टिकला. दुसऱ्यांदा जिल्ह्याच्या गावी परदेशी उपदेशक मोठा तंबू घेऊन आला होता, गिटार-बिटार होती. तो जन्म परतीच्या बसने कालव्याचा पूल ओलांडेपर्यंत टिकला.

मी त्याला एकदाच जन्म दिला, दोन दिवस लागले, आणि तो अजून टिकून आहे.

२३ एप्रिल

दूध न्यायला शेजारची अनारकुल आली. किरगीझ बाई, माझ्याच वयाची, पंचवीस वर्षं आमच्या कुंपणाला एकच खिंडार आहे. बोर्सोक, कणकेचे गोळे, तळून आणले होते.

"सगळं गाव बोलतंय, तुझा मुलगा पुन्हा जन्मला. मग मेंढी कधी कापतेस? आमच्याकडे मूल झालं की पाळण्याची मेजवानी देतात."

"तिसऱ्या वेळी कोण मेजवानी देतं?"

"चौथ्या," ती म्हणाली. "तू दिलास तो धरून. बाई गं, तुमच्यात फार सोय. आमच्यात एकदाच जन्म, आणि तो वाया गेला तर गेला."

मग बोर्सोक चावत म्हणाली, "पण सकाळी मी त्याला गाय दोहताना पाहिलं."

मी म्हटलं, नव्या झाडूने चार दिवस अंगण साफ निघतं.

३ मे

गाय अजून तोच दोहतोय. मी उठायच्या आधी बादली पायरीवर असते, वर फडकं. पहिला आठवडा मी दूध चाखून पाहिलं, पाणी घातलंय का म्हणून. नाही घातलेलं. त्याचा चहाचा पेला हुंगते. चहाच येतो.

लाकडांच्या मागे, कोंबड्यांच्या खुराड्यात, मधमाश्यांच्या रिकाम्या पेट्यांत, जिथे जिथे पूर्वी बाटल्या सापडायच्या तिथे सगळीकडे हात घालून पाहिला. दोन जुन्या मिळाल्या, रिकाम्या, आत कोळी. आणि गुडघा मुरगळला तो वेगळाच.

एल्वीरा म्हणाली, "आजी, काय शोधतेस?"

"अंडी."

"मधमाश्यांच्या पेटीत?"

तिची बापाशी फारशी बोलचाल नव्हती. आता दिसतंय की संध्याकाळी त्याच्या पायरीवर बसून कॉलेजची पुस्तकं वाचते. परिचारिका होणार आहे. बसू दे. त्याच्यावर विश्वास ठेवून पडली की कळेल. मी दोनदा पडलेय.

८ मे

बाप्तिस्मा पेंटेकॉस्टला, ईस्टरपासून पन्नासाव्या दिवशी, आहे. उमेदवार चार: दोन मुली, मालविनाचा नातू एडिक, आणि आमचे चिरंजीव. एडिकचे जर्मनीचे कागद ऑगस्टात येतात, त्याच्या आत त्याला जन्म घ्यायचाय, कारण तिकडच्या मंडळीत जन्मलेल्यांना भाड्याची खोली लवकर मिळते म्हणे.

पांढरे झगे शिवायचं काम इथे चाळीस वर्षं माझ्याकडे. जुन्या चादरींचे शिवते. खालच्या दुमडीत कालव्यातलेच गोटे घालते, नाहीतर पाण्यात झगा फुगून वर येतो आणि पवित्र प्रसंगी नको ते दिसतं.

तिघांचे झाले. याकोबच्या अंगाला एक चादर पुरत नाही. माझ्या नवऱ्याची, दावीदची, मोठी चादर होती पेटीत, आमच्या लग्नातली. काढली. बाकी काही नव्हतं म्हणून.

१२ मे

आज मी एक काम केलं. ते लिहू की नको असं झालं, पण वही माझी आहे.

दावीद म्हणायचा, लोखंड कसलं आहे ते वाकवल्याशिवाय कळत नाही. गुडघ्याला चोळायची व्होडका मी हिरव्या बाटलीत ठेवते, तिला मक्याच्या कणसाचं बूच, मीच कापलेलं. याकोब कुंपण दुरुस्त करायला गेला होता. मी उन्हाळी स्वयंपाकघरात गेले आणि त्याच्या खिडकीत पडद्यामागे ती ठेवून आले. अर्ध्याहून जास्त भरलेली. पातळीच्या ठिकाणी नखाने ओरखडा काढला.

परमेश्वरानेही बागेत मनाईचं झाड लावलंच होतं, आणि त्याला कोणी बोल लावत नाही.

एल्वीराला सांगितलं, गुडघ्याचं औषध संपलं.

१७ मे

ओरखडा तिथेच आहे, व्होडकाही तिथेच. पडदा जरा बाजूला सारलेला. म्हणजे पाहिलीय त्याने.

आणि बाईसाहेबांचा गुडघा दुखतोय.

२१ मे

त्याने उन्हाळी स्वयंपाकघराचं छप्पर शाकारलं. पडक्या गोठ्यावरचे पत्रे आणून नव्याने बसवले, फटींत डांबर भरलं. मला विचारलं नाही. मी खाली उभी राहून म्हटलं, "कोणाच्या परवानगीने?"

"गळत होतं, आई. आता नाही गळणार. थेंबसुद्धा नाही."

"बघू. गोठ्यावर बसवताना तुझा बापही हेच म्हणाला होता."

"त्यांचं कुठे गळलं?"

नाही गळलं. पण ते त्याला सांगायची गरज नव्हती.

बाटली आहे.

२७ मे, बुधवार

बाटली नाही.

दोनदा पाहिलं. पडद्यामागे नाही, पलंगाखाली नाही, कुठे नाही. याकोब कुदळ घेऊन वाफ्यांत होता, शिटी वाजवत होता. शिटी! कशाला वाजवतो माणूस शिटी?

तर हे असं. मी म्हटलंच होतं. बरं वाटायला हवं होतं, माझं खरं ठरलं म्हणून. नूडल्स लाटताना पीठ इतकं घट्ट मळलं की लाटणं चालेना.

संध्याकाळी एल्वीराने गुडघ्याला चोळून दिलं. म्हटलं, कुठून आणलंस? म्हणाली, "मिळालं." अनारकुलकडून आणलं असेल. जोरदार होतं, उतार पडला.

३१ मे, रविवार

आज उमेदवारांची परीक्षा. सगळी मंडळी बसते, दारं लावून, फक्त बाप्तिस्मा झालेले. एल्वीराचा झालेला नाही, ती घरी. उमेदवाराला समोर उभं करतात, कोणीही काहीही विचारायचं, मग घरच्या माणसाची साक्ष, मग त्याला बाहेर पाठवून विचारतात, कोणाला शंका? एक हात वर गेला तरी पुढच्या वर्षावर. ही आमची जुनी रीत. पूर्वी हिच्यामुळे पोलिसांचे खबरे अडायचे. आता काय अडतं ते बघा.

एडिकने तारीख सांगितली, वेळ सांगितली, रडला. मालविनाने साक्ष दिली की मुलगा आता घरात आवाज चढवत नाही. मुलगा घरात नसतोच. हात एकही नाही. पास.

मुली पास.

मग याकोब. दावीदचा कोट घालून आला होता, बाह्या आखूड.

वेनियामिन म्हणाला, "बंधू याकोब, तुमचा नवा जन्म कधी झाला?"

"ठाऊक नाही."

"ठाऊक नाही म्हणजे? ईस्टरला नाही का?"

"प्यायचं ईस्टरला सोडलं. ते दुसरं झालं का, कधी झालं, मला नाही सांगता येत. सकाळी गाय दोहताना वाटतं, झालं. दुपारी वाटतं, कसचं काय."

मागे कोणीतरी खुसखुसलं. मालविनाने लाडाच्या नावाने विचारलं, "रडलास का रे, याशा? एकदा तरी?"

"नाही, काकू. येत नाही. वडिलांना तरी कुठे यायचं."

ते खरं. दावीदला पोलीस घेऊन गेले तेव्हाही तो मला गाईला मीठ द्यायला विसरू नको म्हणाला.

वेनियामिनचं तोंड खट्टू झालं. दोन वर्षांच्या कोर्सात असला माणूस शिकवला नसणार. तो माझ्याकडे वळला. "भगिनी युस्तिना, घरची साक्ष तुमची. मुलगा बदलला का?"

मी उभी राहिले. म्हटलं, "गाय दोहतो. छप्पर शाकारलं. तोंडाला वास येत नाही." इथे थांबता आलं असतं. पण प्रार्थनाघरात अर्धं सांगून बसणारी मी नव्हे. "त्याच्या खिडकीत एक बाटली होती. बुधवारपासून नाही."

"कसली बाटली?"

"पडद्यामागे दूध कोण ठेवतं?"

वेनियामिन म्हणाला, "बंधू, ती बाटली कुठून आली?"

याकोबने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. आरोप-बिरोप काही नव्हता त्या बघण्यात, लहानपणी ताप असला की बघायचा तसं बघितलं.

"ठाऊक नाही," म्हणाला.

"आणि गेली कुठे?"

"मी प्यायलो नाही."

"ते नाही विचारलं. गेली कुठे?"

तो बुटांकडे बघत उभा. त्याला बाहेर पाठवलं. वेनियामिन म्हणाला, "कोणाला शंका?" मालविनाचा हात वर गेला, मग तिच्या बाजूचीचा, मग बरेच. माझे दोन्ही हात मांडीवर होते. कोणी विचारलं तर सांगीन.

निघताना वेनियामिनने माझा हात हातात घेतला. "भगिनी, तुम्ही आज सत्यासाठी पोटच्या मुलालाही राखलं नाही. मला वाटतं, प्रभू तुमच्यात काम करतोय." ईस्टरला मी न जन्मलेली होते. आज एकदम पिकले.

याकोब फाटकाशी उभा होता. घरापर्यंत माझी पिशवी त्याने धरली.

आज पिणार. लिहून ठेवते.

१ जून

प्यायला नाही. बादली पायरीवर, वर फडकं.

२ जून

कालचंच. दुपारी तो पुलाच्या बाजूला गेला, तिकडे दारूचं दुकान आहे. मी कुंपणाशी उभी राहिले. परत आला तर हातात गोट्यांची बादली. म्हणाला, "आई, एडिकच्या झग्याला गोटे कमी घातलेस. तो शिडशिडीत आहे, पाणी उचलेल."

जिथे याला पायरीवरून परत पाठवलं, तिथल्या झग्यांची काळजी.

३ जून

संध्याकाळी पाय पसरून बसले. एल्वीरा चोळायला आली. आज दिवा नीट होता. तिच्या हातात हिरवी बाटली. मक्याचं बूच.

"ही कुठून आणलीस?"

"बाबांनी दिली. गेल्या बुधवारी. म्हणाले, आजीची बाटली चुकून माझ्या खिडकीत राहिलीय, तिचे गुडघे दुखतायत, लाव तिला."

चुकून राहिलीय म्हणे.

मी ती घेऊन उजेडात धरली. माझा ओरखडा होता. त्याच्याखाली चार बोटं उतरली होती. ती सगळी माझ्या गुडघ्यांत गेली. म्हणजे मी रविवारी मंडळीसमोर उभी राहिले ती त्याच बाटलीच्या जोरावर. तिच्याशिवाय उठता आलं नसतं मला.

एल्वीराने विचारलं, "आजी, रविवारी तू तिथे काय सांगितलंस?"

"जे दिसलं ते."

"बाबांनी कोणाची बाटली ते नाही सांगितलं?"

"नाही."

तिने दुसरा गुडघा चोळला, नेहमीपेक्षा हळू, म्हणजे मला त्याचाही राग यावा असा. बूच लावलं आणि बापाकडे पायरीवर जाऊन बसली.

४ जून

वेनियामिनकडे गेले. चालत, गुडघा आता चालतो, आभार कोणाचे मानायचे ते ठाऊक आहे.

तो जेवत होता. मी बसले नाही. म्हटलं, "ती बाटली माझी. मीच ठेवली, त्याला पारखायला. त्याने पोरीकडे देऊन माझ्या पायाला लावली. तो प्यायला नाही, आणि तुम्हा सगळ्यांसमोर त्याने माझं नाव घेतलं नाही. आता त्याला पाण्यात घ्या."

वेनियामिनने चमचा खाली ठेवला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, मला वाटलं याकोबसाठी.

"भगिनी युस्तिना! हाच तो क्षण! तुम्ही पश्चात्ताप करताय!" आणि उठून खिशात पेन्सिल शोधायला लागला. "आज चार ना? आणि वाजले किती?"

"मी बाटलीबद्दल आले आहे."

"बाटली फक्त साधन होती, भगिनी. प्रभूने तुम्हाला त्या बाटलीतून..."

"याकोबचं काय?"

"ते मंडळीने ठरवलंय. हात वर झालेले परत खाली घेण्याची रीत नाही. पुढच्या वर्षी. आणि खरं सांगू, मावशी, त्याला तारीखच सांगता येत नाही हो. पण तुम्ही, तुम्ही रविवारी उभ्या राहा. सगळ्यांसमोर असंच सांगा. आणि जर अश्रू आले, तर आवरू नका."

"कांदे घरी आहेत," मी म्हटलं आणि निघाले.

वाटेत कालव्याच्या पुलावर थांबले. पाणी मातकट, डोंगरावरचं बर्फ वितळून येतंय, थंडगार. त्या शास्त्रातल्या म्हाताऱ्या पुढाऱ्याची आठवण झाली, जो रात्रीचा लपून प्रभूला विचारायला आला होता, की मोठा झालेला माणूस आईच्या पोटात पुन्हा कसा शिरेल? उपदेशक सगळे त्याला हसतात. मी नाही हसत. एवढ्या पुस्तकात आईचा विचार करणारा तो एकटाच निघाला. फक्त त्याने आईला विचारायला हवं होतं. तिने सांगितलं असतं, पोटात कशाला, दार उघडलं तरी पुष्कळ आहे, आणि ते उघडतानाच किती दुखतं.

७ जून, पेंटेकॉस्ट

मंडळी सगळी कालव्यावर. गाणी झाली. काठावर अनारकुलही येऊन बसली, दरवर्षी येते, तिला बघायला आवडतं.

"तुझा कुठाय?" तिने विचारलं.

"त्याला नाही घेतला."

"का?"

"मी साक्ष दिली म्हणून."

"तू आई ना त्याची?"

"तीच तर अडचण झाली."

ती मग म्हणाली, "तुमच्यात फार सोय म्हटलं ते मी मागे घेते."

वेनियामिन कमरेपर्यंत पाण्यात, ओठ निळे. मुली गेल्या, आल्या. एडिक गेला, आणि वर येताना कळवळून रडायला लागला. मालविना म्हणाली, "आत्मा उतरला!" आत्मा नाही, थंडी उतरली होती. झगा मात्र वर आला नाही. गोटे पुरेसे होते.

जे पाण्यातून येतात त्यांना धरून बाहेर घ्यायला, टॉवेलात गुंडाळायला कोणीतरी लागतं. पाय चिखलात जातात, कपडे भिजतात, म्हणून ते काम कोणी मागून घेत नाही. तिथे याकोब उभा होता. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, खांद्यावर चार टॉवेल. एडिकला त्याने उचलूनच घेतला, डोकं पुसलं, त्याच्या अंगावर स्वतःचा कोट घातला, आणि कानात काहीतरी बोलला. पोरगं रडता रडता हसलं.

चौथा टॉवेल त्याच्या खांद्यावर कोरडाच राहिला.

पुढे जाऊन उभी राहून सांगायचं ते मी सांगितलं. वेनियामिन ओल्या कपड्यांनी वाट बघत होता. मी म्हटलं, "खिडकीतली बाटली माझी होती. याकोब खरं बोलला, मी अर्धं." अश्रू आले नाहीत. मालविनाही नाही रडली, या वेळी तिला काय करावं तेच कळेना. वेनियामिनने तारीख विचारली, ती मी दिली नाही.

घरी आलो. दावीदच्या चादरीचा झगा पेटीवर पडून होता. दुमडी उसवली, गोटे काढून खिडकीत ठेवले, बाह्यांची शिवण उसवली. पुन्हा चादर झाली, जरा कापलेली. पुढच्या वर्षी परत शिवीन, तोवर डोळे राहिले तर. ती आतल्या खोलीतल्या पलंगावर घातली.

उंबऱ्यावर थाळी ठेवली नाही. याकोब अंगणात आला, उंबरा रिकामा बघून थबकला. मी म्हटलं, "पाय पूस आणि आत ये. बोर्श गार होतंय."

आत येऊन बसला. तीन वर्षांत टेबल हलवलंय, त्याचा गुडघा टेबलाच्या पायाला आपटला. दोनदा वाढून घेतलं.

जेवण झाल्यावर मी म्हटलं, "तुझ्या त्या उन्हाळी स्वयंपाकघराचं छप्पर गळतं. गादी कुजेल. इकडे आणून टाक."

महिनाभर पाऊस नाही. आणि त्या छपरातून थेंब येणार नाही, मी स्वतः आतून उभी राहून बघितलंय, उजेडाचा एक ठिपका दिसत नाही.

त्याने चमचा थाळीत ठेवला. "हो, आई," म्हणाला. "गळतं."

"फार?"

"फारच."

एल्वीरा पेला पुसत होती, ती तोच पेला पुसत राहिली.

गादी आणली. किल्ली मी गळ्यातून काढून दाराजवळच्या खिळ्याला अडकवली, उन्हाळ्यात दोरी मानेला काचते.

तर आज, पेंटेकॉस्टच्या पवित्र दिवशी, या घरात दोन माणसं एकमेकांच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलली आणि तिसरीने ते ऐकून घेतलं. वेनियामिनला तारीख आणि वेळ हवीच असेल, तर घे म्हणावं लिहून. सात जून, जेवणानंतर. वाजले किती ते कोणी बघितलं नाही.